पुस्तक मोबाइलवर न्यायचंय? आधी फाइल, मग करार, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी ऐंशीच्या दशकात सुरू केलेली प्रकाशनसंस्था आता तुमच्याकडे आली आहे. यादीवर दीडशेच्या आसपास पुस्तकं आहेत, हजाराची आवृत्ती तीनशेवर आली आहे, आणि जो तो सांगतो की वाचक मोबाइलवर गेला, तुम्ही ॲप काढा. दोन लेखकांनी तर ‘आम्ही परस्पर किंडलवर गेलो तर चालेल का’ असंही विचारलंय. मग प्रकाशकानं काय करायचं आणि लेखकानं काय?

मी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकं लावायला सुरुवात केली ती नव्वदच्या दशकात, सदाशिव पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत. गेली बारा-तेरा वर्षं त्याच पुस्तकांच्या ई-आवृत्त्या करतो. म्हणजे स्वतः केलेल्या चुका स्वतःच निस्तरतो. त्या अनुभवावरून सांगतो.

ॲप काढू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यात पैसे गेले की बाकीच्या कामाला उरत नाहीत. २०१३ साली एका प्रकाशकाकडे ॲपचा आग्रह मीच धरला होता. दीड वर्ष बरं चाललं. मग ॲप लिहिणारा मुलगा नोकरी लागून बंगळुरूला गेला, अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली, आणि आमचं ॲप उघडलं की नुसता पांढरा पडदा. पैसे मोजून वीस-वीस पुस्तकं घेतलेले लोक फोन करायला लागले. एका आजोबांनी अगदी शांतपणे विचारलं, “म्हणजे मी पुस्तकं विकत घेतली नव्हती, भाड्यानं आणली होती का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हे फक्त आपल्यासारख्या लहान लोकांचंच होतं असं नाही. फ्लिपकार्टनं २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं आणि ग्राहक कोबो या दुसऱ्या ई-पुस्तक कंपनीकडे सोपवले. ॲमेझॉननं २०२२ च्या फेब्रुवारीत वेस्टलँड ही स्वतःची प्रकाशनसंस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या कितीतरी पुस्तकांवर नवं घर शोधायची वेळ आली. दुकान उद्या बंद होईल हे धरूनच त्यात माल ठेवायचा. तुमच्या हातात तीनच गोष्टी राहतात: पुस्तकाची स्वच्छ संहिता, कागदावरचे हक्क आणि वाचकांचे पत्ते. तुमची पहिली दोन वर्षं या तिघांवरच जावीत असं माझं मत आहे.

संहितेपासून सुरू करतो, कारण इथेच सगळ्यांचा पाय घसरतो. तुमची २०१० च्या आधीची बहुतेक पुस्तकं श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत लावलेली असणार. त्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादं भलतंच इंग्रजी अक्षर असतं. फाँट काढून घेतला की उरतो कचरा. मोबाइलला युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत लागते, म्हणून आपण कन्व्हर्टर वापरतो, पहिली दोन पानं नीट दिसतात, आणि ‘झालं काम’ म्हणून फाइल अपलोड होते.

झालेलं नसतं. मी केलेल्या एका गिर्यारोहणाच्या पुस्तकात ‘सह्याद्रीतल्या खोल दऱ्या’ होत्या. रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधला अर्धा र हरवला आणि त्याचा रफार झाला. दऱ्यांचा झाला ‘दर्या’. पुस्तकभर माणसं दोर लावून दर्यात उतरत होती. दुसऱ्या एका कादंबरीत लग्नघरी ‘आचाऱ्यांना’ निरोप गेला होता. ई-आवृत्तीत तो ‘आचार्यांना’ गेला. शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काहीच खटकत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीतच आहेत. ते माणसालाच सापडतात, तेही मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली तर. म्हणून रूपांतराच्या खर्चात मुद्रितशोधकाचे पैसे धराच. छापील आवृत्तीला तीन प्रुफं काढणारे प्रकाशक ई-आवृत्तीला एकही काढत नाहीत, आणि मग ‘ई-बुकं चालत नाहीत’ म्हणून कुरकुरतात.

असाच घोळ ‘ॲ’चा. तो एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर वेगळा चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखे दिसतात, शोधखिडकीला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. संस्थेपुरता एक नियम ठरवा आणि सगळ्या फाइलींत एकदाच बदल करून घ्या.

आता पीडीएफबद्दल. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं पान सहा इंची पडद्यावर आलं की अक्षर मुंगीएवढं होतं. वाचक दोन बोटांनी ते मोठं करतो आणि मग प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसतो. दिवाळी अंकांचे तर हाल विचारू नका. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंकाची मांडणी हा आपल्या कौतुकाचा विषय आहे, पण तीच दोन रकान्यांची पानं मोबाइलवर टाकली की वाचक पहिल्या रकान्याच्या तळाशी पोचतो आणि दुसरा रकाना गाठायला पुन्हा वर चढतो. तिसऱ्या पानावर तो अंक मिटतो. विकायची आवृत्ती ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलप्रकारातच हवी, म्हणजे मजकूर पडद्याच्या मापानं आपोआप वाहता राहतो. नकाशे, तक्ते आणि लहान मुलांची चित्रमय पुस्तकं एवढाच अपवाद.

ईपब करताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, ओळीच्या दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट. छापील पानावर ओळीत दहा-बारा शब्द बसतात, मोबाइलवर अक्षर मोठं केलं की तीन-चार. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकटाच अख्खी ओळ खातो. मग दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा. दुसरी गोष्ट, फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवणं. ऑपरेटर सवयीनं हिंदी टाकतो किंवा जागा रिकामी सोडतो. मग काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मोबाइल मोठ्यानं वाचून दाखवायला लागला की ‘चूल’, ‘जाळं’, ‘झाड’ हे शब्द हिंदी उच्चारात ऐकू येतात. हे मला एका अंध वाचकानं फोन करून सांगितलं. टॉकबॅक ही फोनमधली पडदा वाचून दाखवणारी सोय लावून ते माझं काम ऐकत होते आणि मनापासून वैतागले होते. स्कॅन करून बनवलेली पीडीएफ तर त्यांच्यासाठी कोऱ्या पानासारखीच, त्यात वाचायला मजकूरच नसतो.

मोबाइलचा खरा फायदाही मला घरातच कळला. माझ्या आईनं मोतीबिंदूनंतर छापील पुस्तक हातात घेणं सोडलं होतं. आता ती अक्षर एवढं मोठं करते की पडद्यावर जेमतेम वीस शब्द मावतात, आणि बोटानं पान ढकलत एकेक कादंबरी संपवते. मोबाइलवर वाचणारा म्हणजे विशीतला पोरगा हे चित्र डोक्यातून काढा. तुमच्या जुन्या यादीचा वाचक साठीच्या पुढचा आहे, किंवा मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन राहिला आहे, जिथे पुस्तकापेक्षा त्याचं टपाल महाग पडतं.

आता हक्क. वडिलांच्या कपाटातली पत्रं काढा. बऱ्याच जुन्या लेखकांशी करार म्हणजे एक पोस्टकार्ड आणि शब्द एवढंच असतं. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो लेखकाकडे परत जातो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं असं घातलं की कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, ते करारात नावानिशी लिहिलेलं नसेल तर हस्तांतरणात धरलं जाणार नाही. थोडक्यात, १९८७ च्या ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीवर विसंबून ऑडिओबुक काढू नका.

तुमच्या त्या दोन लेखकांचं उत्तरही यातच आहे. त्यांचे ई-हक्क तुमच्याकडे लेखी नसतील तर ते किंडलवर जाऊ शकतात, आणि त्यावर रुसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक पानाचा पुरवणी करार करा. ई-पुस्तक, ऑडिओ, हप्त्यांनी प्रसिद्धी आणि अनुवाद अशा वेगवेगळ्या ओळी, प्रत्येकीची मुदत तीन किंवा पाच वर्षं. यंत्राच्या आवाजातलं वाचन आणि एआयच्या भाषा-प्रारूपांना शिकवण्यासाठी मजकूर देणं याचीही एक ओळ आता हवी. मानधन ‘छापील किमतीवर’ नको, ‘प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर’ लिहा. ई-पुस्तकाची किंमत आज शंभर, उद्या सवलतीत एकोणपन्नास होते, तिथे छापील हिशेब टिकत नाही. टक्का किती? छापीलवर दहा देत असाल तर इथे जमा रकमेच्या पंचवीसच्या खाली जाऊ नका. कागद नाही, बांधणी नाही, गोदामाचं भाडं नाही, हे लेखकालाही कळतं. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला विसरू नका, त्याचीही परवानगी लागते.

वारसांचा पत्ताच लागत नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन मुक्त होतं. म्हणजे १९६४ पर्यंत गेलेल्यांचं २०२५ पासून सर्वांसाठी खुलं आहे. असं काही यादीत असेल तर सरावाला तेच घ्या.

कुठे विकायचं, हे खरं तर सोपं आहे. ॲमेझॉननं २०१६ च्या डिसेंबरमध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांची ई-पुस्तकं किंडलवर आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं होतं, त्यामुळे वाचक किंडलचं यंत्र न घेता थेट फोनवरच वाचायला लागला. केडीपीवर, म्हणजे स्वतः पुस्तक टाकायच्या ॲमेझॉनच्या सेवेवर, मानधनाचे ३५ टक्के किंवा ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ या योजनेत जावं लागतं, आणि तिथे नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात नाही आणि स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. मुदत संपली की आपोआप पुढे सरकते, हे लक्षात ठेवून खूण काढावी लागते. मी कथा-कादंबऱ्या सिलेक्टमध्ये टाकतो, कारण तिथे वर्गणीदार वाचतात आणि वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात. संदर्भग्रंथ, कोश, पाककृती ३५ वर ठेवून सगळीकडे विकतो. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावरचा कर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला. निव्वळ डिजिटल पुस्तकाला ही सवलत नाही, तेव्हा सीएशी आधी बोला.

मुखपृष्ठ नव्यानं बघा. दुकानात ते हातभर अंतरावरून दिसायचं, इथे नखाएवढं दिसतं. टपाल तिकिटाच्या आकारात छापून भिंतीवर लावा. दोन पावलांवरून नाव वाचता आलं नाही तर अक्षरं बदला. पुस्तकाच्या माहितीत नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हीकडे द्या, कारण मराठी वाचक शोधताना मराठी नाव सर्रास इंग्रजी कळपाटावर बडवतो.

ऑडिओबद्दल मी आधी साशंक होतो. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा इंग्रजी-हिंदीच्या जोडीला त्यांनी मराठी घेतलं, याचं मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. पोळ्या लाटताना आणि घाट चढताना वाचता येत नाही, पण ऐकता येतं. तासाला साधारण आठ-नऊ हजार शब्द होतात, त्यावरून तुमच्या कादंबरीची लांबी काढा. निवेदकावर मात्र तडजोड नको. एका वऱ्हाडी कादंबरीला आम्ही पुण्याचा गोड आवाज दिला. पहिल्याच प्रकरणात शेतमजूर बाई दुपारच्या आकाशवाणीसारखी बोलायला लागली. पुन्हा अमरावतीच्या माणसाकडून करून घेतलं, दुप्पट खर्च.

आता लेखकांसाठी. ‘मोबाइलसाठी लिहा म्हणजे तोकडी वाक्यं लिहा’ हा सल्ला मला पटत नाही. हप्त्याहप्त्यानं वाचणं आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून आठवड्याच्या आठवड्याला कादंबऱ्या वाचायला दिल्या. जपानमध्ये २००७ साली सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच आधी मोबाइलवर लिहिल्या-वाचल्या गेल्या होत्या. मोबाइलवर वाक्यं तोडावी लागत नाहीत, पण वाचक सतत उठून जातो, हे ध्यानात घ्यावं लागतं. दादरला गाडीत चढताना उघडलेलं प्रकरण घाटकोपरला मिटतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उघडतं. मराठीत कर्ता गाळायची आपल्याला सवय आहे. ‘ती उठली. त्याच्याकडे न बघता बाहेर आली.’ कोण ती? छापील पुस्तकात डोळा झटकन मागच्या पानावर जातो, फोनवर नाही जात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला माणसांची नावं घ्या, जागा सांगा. सुनीता, सुनंदा आणि सुमन एकाच घरात ठेवू नका. प्रतिलिपी या ऑनलाइन लेखन-वाचनाच्या ॲपवर भागाभागानं लिहिणार असाल तर हजार-दीड हजार शब्दांचा भाग बरा पडतो, आणि निदान दहा भाग हाताशी तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. चौथ्या भागानंतर लेखक आजारी पडतो, हा माझा अनुभव आहे. तिथे सगळं मोफत वाचून झालेलं पुस्तक छापायला प्रकाशक तयार आहे का, तेही आधीच विचारा. तुम्ही प्रकाशक म्हणून तुमचं धोरण आत्ताच ठरवून ठेवा.

कवींना एक सांगायचं. अभंग आणि ओवी फोनवर जन्मल्यासारखे बसतात. गझलेची लांब ओळ मात्र दुमडते, आणि काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, कुठे पडला ते दिसतच नाही. तिथे ओळ कुठे तुटावी ते कवीनं स्वतः ठरवून द्यावं, ऑपरेटरवर सोडू नये.

जाहिरातीला व्हॉट्सॲप पुरतं, पण लेखकाचं नाव तिथे टिकत नाही. चांगला उतारा शेवटच्या ओळीतल्या नावासह निघतो, तिसऱ्या गटात पोचेपर्यंत नाव गळतं, आणि पाचव्या गटात तो पुलंच्या नावानं फिरत असतो. म्हणून पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव तळाशी देऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात गुंफा, काढलं तर वाक्य मोडेल असं. लांब निरोप ‘पुढे वाचा’च्या मागे दुमडला जातो, तेव्हा जे सांगायचं ते त्याच्या आधी आलं पाहिजे. टेलिग्रामवर तुमच्या पुस्तकांच्या पीडीएफ सापडतीलच. तक्रार करा, पण रात्ररात्र जागू नका. मी बघितलंय ते असं की जे पुस्तक ऐंशी रुपयांत दोन मिनिटांत विकत मिळतं त्याची चोरी कमी होते, आणि जे सात वर्षं छापलंच नाही त्याच्या दोनशे एमबीच्या वाकड्या स्कॅनवर उड्या पडतात. ती मागणी म्हणून वाचा. पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.

दीडशे पुस्तकं एकदम काढू नका. पाच घ्या: दोन चालणाऱ्या कादंबऱ्या, एक आत्मचरित्र, एक पाककृतीचं किंवा आरोग्याचं, आणि एक संपलेलं जे लोक अजून मागतात. प्रत्येक ई-पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुमचा व्हॉट्सॲप क्रमांक टाका आणि जो निरोप पाठवेल त्याचं नाव-गाव, त्याच्या परवानगीनं, एका वहीत उतरवा. दुकान तुम्हाला वाचकाचा पत्ता कधीच देणार नाही.

आणि वडिलांच्या ऑपरेटरकडे असलेला तो जुना संगणक, सीड्या, हार्ड डिस्क, जे काही असेल ते या आठवड्यातच उघडून दोन ठिकाणी कॉपी करा, जुन्या फाँटांच्या फाइलींसकट. माझ्याकडे २००३ ची एक हार्ड डिस्क आहे. लावली की नुसती टक्-टक् वाजते. तिच्यात चौदा पुस्तकं आहेत, त्यांतल्या तिघांची छापील प्रतही आता कुणाकडे सापडत नाही.